दुसऱ्या ओळीतला श्वास

५ जानेवारी
चष्म्याच्या दुकानात दिवसभर गर्दी. एका आजोबांना दोन भिंगांतलं कुठलं बरं, ते शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. अशा माणसांचं काय करायचं?
संध्याकाळी मेहुणा आला. आमच्या बँडला नवी गायिका मिळाली म्हणाला. आता अल्बम करायचाच. हिला जाऊन वर्ष झालं नाही, आणि हा सख्ख्या बहिणीची जागा भरायला निघाला. जणू हापिसातली खुर्ची रिकामी झाली.
ठरवलं: आपण गाणार नाही. गॉथिक मेटलमध्ये बाईने गायचं आणि पुरुषाने गुरगुरायचं; माझ्या गुरगुरण्याशिवाय ते म्हणजे शाळेचं स्नेहसंमेलन. कळेल त्यांना.

९ जानेवारी
तालमीला गेलो. फक्त नाही सांगायला.
नवी पोहायला शिकवते. पिवळं जर्किन, ओले केस, क्लोरीनचा वास. आम्ही थडग्यांवरची गाणी गातो आणि नवी तरणतलावातून थेट माईकसमोर. मला 'दादा' म्हणाली. मी कुणाचा दादा नाही.
नाही सांगायचं राहून गेलं. त्यांनी गाणं सुरूच केलं आणि माझी एंट्री आली.

१० जानेवारी
नवा निश्चय: गाईन, पण नवीशी एक अक्षर बोलणार नाही. बहिष्कार.
तालीम यापुढे आमच्याच मागच्या खोलीत होणार आहे. म्हणून हिचा निळा कप वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवला. कुणाचा हात लागायला नको.

२४ जानेवारी
बहिष्कार कडक चालू आहे. मेहुणा सांगत होता, नवी म्हणाली, दादा किती शांत आहेत, त्यांच्या शेजारी उभं राहायला बरं वाटतं. मूर्ख.
आवाज साफ आहे. फारच साफ. नुसती धुतलेली काच. हिचा दम दुसऱ्या ओळीत मधेच संपायचा, तिथे श्वास घ्यावा लागायचा, आणि त्या श्वासाला सगळं सभागृह गप्प व्हायचं. नवी तीच ओळ एका दमात मारून नेते. वर मलाच विचारते, ताई कशा म्हणायच्या? जुनं रेकॉर्डिंग आहे का? मी तारा जुळवत राहिलो. मी गिटार वाजवत नाही, पण हाताशी तेवढंच होतं.
तिने ते नंतर मेहुण्याकडून घेतलं म्हणे. घेऊ दे. ऐकून येतं थोडंच.

७ फेब्रुवारी
योजना सुचली. दुकानात, एका बाईंचा नंबर काढताना.
रेकॉर्डिंगला मी गुरगुरतो तेव्हा हेडफोनमध्ये गायिकेचा आवाज लागतो, नाहीतर जागा चुकते. रेकॉर्डिंगवाल्याला बजावलं: माझ्या कानात हिचं जुनं रेकॉर्डिंग, तो डेमोच लाव. हो म्हणाला. आता हेडफोन मोठ्याने लावायचा आणि एक बाजू कानावरून जरा सरकवायची. आवाज बाहेर झिरपतो, तो माझ्या माईकमध्ये जातो. म्हणजे नवीच्या नाकावर टिच्चून ही अल्बमवर असेल आणि कुणाला पत्ता लागणार नाही.
इतका धूर्तपणा माझ्यात होता हे हिलाही माहीत नव्हतं.

१४ फेब्रुवारी
फत्ते. दुसऱ्या ओळीत तो श्वास आला आणि मला पुढचं काही दिसेना. तसाच गुरगुरत राहिलो. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, आजवरचं सगळ्यात चांगलं. स्वाभाविक आहे. आज बऱ्याच दिवसांनी गायिका बरोबर होती.

३ मार्च
सगळे आवाज एकत्र केलेला मिक्स आला. शेवटी नवीचा आवाज बंद केलाय, मी एकटा उरतो, तिथे माझ्या आवाजाखाली अगदी बारीक ही ऐकू येते. हजार आवाजांत ओळखेन.
पुन्हा पुन्हा ऐकलं. भात करपला.

८ मार्च
मेहुणा आणि नवी मिक्स ऐकायला घरी आले. चहा केला. मला राहवलं नाही. बहिष्कार मोडून ती जागा लावली.
"ऐका. ही आहे ती. तुमच्या नव्या अल्बमवर."
दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मेहुण्याने कप खाली ठेवला.
"भाऊजी, आपण गाण्याची लय उतरवली ना. ताईचा डेमो त्यावर बसेचना, म्हणून रेकॉर्डिंगवाल्याने काढला. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही कुणाला. तुमच्या कानात हिचा आवाज होता," नवीकडे बघून तो म्हणाला.
मी म्हटलं, "आणि तो श्वास?"
"तो त्यांचाच आहे, दादा," नवी म्हणाली. "मला तिथे दम लागत नाही. पण त्यांचं ऐकल्यावर तिथे न थांबता पुढे जाववेना."
मेहुण्याने विचारलं, तो झिरपलेला आवाज काढून टाकायला सांगू का? रेकॉर्डिंगवाला केव्हाचा मागे लागलाय.
मी म्हटलं, असू दे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ते गेल्यावर हिचा डेमो लावला. मग मिक्स. मग डेमो. दुकानात लोकांना विचारतो तसं स्वतःला विचारलं, आधीचं की आताचं. हिचा श्वास जास्त खरखरीत आहे. ते मी विसरलो होतो.
मग कप उचलले. नवीच्या जागेवर निळा कप होता. मीच वरून काढून दिला असणार. तळाशी घोटभर चहा उरलेला. विसळला, पुसला आणि खालच्या फळीवर इतर कपांशेजारी पालथा घातला.