विहिरीच्या कुलपाची किल्ली

बाबा,

काल आमच्या इमारतीत पाणी तपासायला एक मुलगी आली होती. हातात उकळून आणलेली बाटली, आणि बाटलीच्या तोंडाला बोट लागू नये म्हणून अगदी तुमच्यासारखीच धडपड. मी तिला चहा दिला आणि आत येऊन बसले. मग हा कागद पुढे ओढला.

लालबागच्या आपल्या चाळीमागची विहीर आठवते ना? पाणी तपासणं हीच तुमची नोकरी, पण तुम्ही आधी पाण्याकडे बघायचाच नाहीत. संडासापासून विहिरीपर्यंत पावलं मोजायचात, कठड्याच्या भेगेत बोट घालून बघायचात, आणि मग कुठे बुडाशी दगड बांधलेली बाटली दोरीने आत सोडायचात. लोक हसायचे. विहिरीत कासव होतं, आणि कासव जिवंत म्हणजे पाणी चांगलं, यावर चाळीचा ठाम विश्वास. "कासवाक जुलाब झाले तर ता कोणाक सांगतला?" असं तुम्ही म्हणालात, आणि निकाल वाईट आल्यावर विहिरीवर लाकडी झाकण बसवून कुलूप घातलंत.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांवर गोळीबार झाला, संचारबंदी लागली, आणि आपल्या चाळीचा नळ नेमका तेव्हाच कोरडा पडला. दुसऱ्या दिवशी माणसं दारात आली. "उघडा ता झाकण! सरकारचो माणूस!" कोणीतरी ओरडलं. तुम्ही चौकटीत उभे. "व्हया तर माका मारा. मी उघडूचंय नाय." मी पंधरा वर्षांची होते आणि मला तुमची भयंकर लाज वाटली. बाहेर लोक छातीवर गोळ्या झेलतायत आणि माझा बाप एका झाकणाची राखण करतोय, असं वाटलं.

संचारबंदी तासाभरासाठी उठली तेव्हा तुम्ही दोन घागरी घेऊन परळला पाण्याला गेलात. कोट खुंटीवर राहिला. शेजारची काकी तापाने फणफणली होती. "गो, घोटभर पाणी दी गो," ती सारखी म्हणत होती. मी तुमच्या कोटातून किल्ली काढली. झाकण उचललं तर कासव वरच तरंगत होतं, चांगलं टवटवीत. मी तांब्या भरला. घाईत कुलूप नुसतं अडकवलं, दाबायचं राहिलं. तुम्ही भरल्या घागरी घेऊन जिना चढलात तेव्हा काकीने तांब्या संपवला होता.

उघडं कुलूप बघून आणखी चार घरांनी पाणी काढलं. प्यायलेल्या सगळ्यांना जुलाब लागले. बाकीचे बरे झाले. काकी इस्पितळातून परत आली नाही. तुम्ही चाळीच्या चौकात सगळ्यांसमोर म्हणालात, "कुलूप लावूचा माझ्याच हातसून ऱ्हवला." किल्ली तोवर पुन्हा कोटात होती. मी चुलीपाशी बसून ऐकत होते.

त्यानंतर तुम्ही घराबाहेर पडलात की जिना उतरून परत वर यायचात, दाराचं कुलूप ओढून बघायचात. कधी दोनदा, कधी तीनदा. आई चिडायची, मुलं नक्कल करायची. शेवटच्या आजारपणात, सगळं घर भोवती असताना, तुम्ही मलाच विचारलंत, "कुलूप लावलंस मा गो?" मी म्हटलं, "लावलंय, बाबा." तेव्हा सांगता आलं असतं. आता हा कागद मी कुठे टाकणार?

तुम्ही कुलूप लावलं होतं, बाबा. नीट लावलं होतं.