दुसऱ्या मजल्यावरचं घर

लातूर, ६ नोव्हेंबर २००५

ती. दादास,
सविनय जयभीम. वि. वि.

मी मजेत आहे. क्लास, कॉलेज, सराव परीक्षा, पुन्हा क्लास. मेसची भाजी कशाची आहे हे ओळखणारीला बक्षीस ठेवलंय, अजून कुणी जिंकलेलं नाही.

आत्याचं पत्र आलं. होणाऱ्या मित्रावहिनीने लग्नानंतर राहायला म्हणून नांदेडला दुसऱ्या मजल्यावर घर पाहिलं आणि तू नको म्हणालास. कारण काय, तर पाणी चढत नाही! चढतं म्हटल्यावर म्हणालास, वारा येत नाही. आत्या म्हणते, तिथं पडदे उडून राहिले होते. वहिनीला वाटतंय, तुला तीच नको आहे.

मागच्या महिन्यात क्लासच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवलं. बाकं थरथरली आणि मी पेपर टाकून थेट रस्त्यावर. मग माझीच नक्कल करून सगळ्यांना हसवलं, पण पुन्हा आत जाऊन बसले नाही. सरांनी एका डॉक्टरबाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, भूकंपात घर पडून आई-बाबा गेले तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. मनाने हसण्याची ढाल केली. तिने तुला तारलं, पण ती सारखी हातात धरायची गरज नाही. भाऊ काय करतो, असंही विचारलं. मी म्हणाले, पत्र्याच्या खोलीत राहतो आणि कारणं सांगतो.

वहिनीला खरं काय ते सांग ना.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
प्रिया

किनवट, १४ नोव्हेंबर

चि. प्रियास,
अ. उ. आ.

डॉक्टरबाईंकडे जात राहा. दूध पीत जा. रसायनशास्त्र कच्चं ठेवू नकोस.

माझं म्हणशील तर मला काही झालेलं नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, म्हणजे मोठाच. रडत बसलो असतो तर तुला घेऊन मुदखेडला आत्याकडे कोण आलं असतं? आश्रमशाळेत मास्तर आहे, पोरं माझं ऐकतात, झोप लागते. पत्र्याखाली राहणं स्वस्त पडतं, एवढंच.

मित्राचा निरोप आलाय. येत्या रविवारी नांदेडला येऊन समोरासमोर बोला, नाहीतर लग्न राहू द्या म्हणते. जावं की नाही, ठरून नाही राहिलं.

तुझी काळजी वाहणारा,
धम्मानंद

लातूर, १७ नोव्हेंबर

ती. दादास,
सविनय जयभीम.

तू मोठा होतास हे खरं. पण आई गेली त्यानंतर तिचं नाव तू एकदाही काढलं नाहीस. मला तिचा आवाजसुद्धा आठवत नाही. तुझ्याकडे निदान बारा वर्षं पाहिलेली आई आहे. ती तू बंद करून ठेवलीस, त्यामुळे मला कधी मिळालीच नाही. हे मी हसत लिहीत नाहीये.

रविवारी जा.

प्रिया

मुदखेड, २१ नोव्हेंबर

चि. प्रियास,
अ. उ. आ.

जाऊन आलो. त्या घराच्या जिन्याच्या पहिल्याच पायरीवर पाय उचलेना, तिथंच बसलो. मित्रा दोन पायऱ्या वर उभी होती. म्हटलं, डोक्यावर स्लॅब असला की मला भिंती पडल्याचा आवाज येतो. ती खाली आली आणि शेजारी बसली. अरेरे वगैरे काही नाही. आईचं नाव काय, एवढंच विचारलं.

कोंडाबाई म्हणायला मला लई वेळ लागला. पण एकदा तोंडातून निघालं आणि मग थांबताच येईना. आई कशी चोरून सायकल शिकली, ज्वारीच्या शेतात सायकलसकट कशी घुसली, आणि कणसं डोक्यात अडकलेली असताना बाबांना म्हणाली, की पीक कसं आलंय ते बघायला गेले होते. मी रडून राहिलो होतो आणि मित्रा पोट धरून हसून राहिली होती. मग मीही हसलो. वॉचमनने पाण्याचा तांब्या आणून दिला, त्याला वाटलं भांडण झालं.

त्याच इमारतीत तळमजल्याचं घर रिकामं आहे. दार थेट अंगणात उघडतं. तेच ठरवलं. स्लॅबची सवय हळूहळू होईल, मित्राला घाई नाही. लातूरच्या तुझ्या डॉक्टरबाईंना एकदा मीही भेटीन. लग्न जानेवारीत.

आत्याने काल जिलेबी केली आणि सगळ्या गल्लीला सांगितलं की आमचा धम्मा रडला! कुणाला काही कळलं नाही, पण जिलेबी सगळ्यांनी खाल्ली.

नाताळच्या सुट्टीत ये. आई हसायची तेव्हा आधी नाकातून सूं सूं आवाज यायचा, मग हसू. तो मला हुबेहूब काढता येतो. समोर बसवून ऐकवीन.

वाट पाहणारा,
दादा