लेपाच्या पेट्या

अकोला,
१४ डिसेंबर

चि. नितेश,

तुला आणि प्रणालीला आशीर्वाद. मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. फोनवर तू "ताई, सगळं फिट हाय" म्हणून मला बोलूच देत नाहीस. तेव्हा आपला मामेभाऊ कुंदन उद्या शेंदूरजनाघाटला येतोय, त्याच्या हाती हा कागद देते.

इकडे थंडी बरी आहे. विद्यापीठात सगळे कौतुक करतात. कडुनिंबाच्या डिंकाचा माझा लेप लावला की संत्रं महिनाभर टिकतं. म्हणजे माल पडेल त्या भावात ट्रकमध्ये ओतायला नको, दूरच्या बाजारात जाईल. आपल्या जागेवर कंपनीची पॅकिंग शेड होईल, गावातल्या पोरींना घराजवळ काम मिळेल. सोमवारी अमरावतीत करार. इथल्या चहावाल्यालाही हे पाठ झालंय.

तू म्हणायचास, "तुमचं संशोधन कपाटातच पिकते अन् कपाटातच सडते!" आता तूच गावभर माझं नाव सांगत फिरतोस. शेडसाठी रस्त्याकडची झाडं तोडायला माणसंही सांगितलीस म्हणे. ते ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. आत्ताच दोनदा उठले, पाणी प्यायले, परत बसले.

मुद्द्यावर येते. म्हणजे यायला हवं.

गेल्या रविवारी मी आले होते ना, तेव्हा माय खुशीत सांगत होती, "तुह्या लेपाच्या पेट्या रोज पाहत होती मी. सडकं दिसलं का काढून टाकलं, अन् बादलीतला उरलेला लेप लावून ताजं ठेवलं. सडकं पेटीत ठेवते का कोनी?"

"अन् बिनलेपाच्या?" मी विचारलं.

"त्याईले कायले हात लावू? त्या तं सडाच्याच व्हत्या!"

आयुष्यभर संत्र्यांतली सडकी वेचून काढणाऱ्या बाईच्या घरात मी प्रयोगाच्या पेट्या ठेवल्या आणि सडलेल्याला हात लावू नको, हे सांगायचं मला सुचलंच नाही. तिच्यावर रागावता येत नाही, हसताही येत नाही. लेप चालतो की नाही, हे आज कोणालाच ठाऊक नाही. चालतही असेल.

तू म्हणशील, कोनाले कळते? कळेल रे. शेड उभी राहील, पहिली गाडी परमुलखात उघडेल आणि वासाबरोबर आपल्या गावाचं नाव निघेल. मग विद्यापीठाचा माणूस बांधावर दिसला तरी लोक कुत्रं सोडतील.

आता पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं ते लिहिते. मी आज दुपारी विद्यापीठातल्या माझ्या सरांना सांगून आले. अहवाल परत घेतला. सोमवारी करार नाही. सरांनी अहवाल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पुन्हा करा."

झाडांना कुऱ्हाड लावू नको. मोठी बहीण असून तुझ्या पाया पडते. मला शिव्या दे, बोलू नको, पण फेब्रुवारीत उतरणारी मृग बहाराची फळं मलाच दे. पेट्या आपल्याच घरी ठेवू. कुलूप लावू आणि किल्ली मायजवळच देऊ. तिच्यामुळे अडलं, हे तिला कळू देऊ नको. एवढंच सांग, या खेपेला सडलं तर सडू दे, त्यानं तिच्या लेकीची लाज जात नाही.

तू फोन करेपर्यंत जेवण गोड न लागणारी,
तुझी पौर्णिमाताई