बाण हलला, तेव्हा

सांगली, ५ जानेवारी १९९८

तीर्थरूप आईस अनीशचा शिरसाष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचलो. बसमध्ये आष्ट्यापर्यंत उभाच होतो. तुझ्या कॉम्प्युटरला फोन जोडणारी ती नवी डबी आहे ना, तिची वायर झाडताना ओढू नकोस. रविवारी चारच्या सुमारास फोन वाजेल, तो उचलू नकोस. यंत्र आपलं आपण घेईल आणि पडद्यावरचा बाण हलायला लागेल. घाबरू नकोस, तो मीच. इथे बसून तुझा कॉम्प्युटर चालवता येतो. छापखान्यासाठी तू करतेस ती अक्षरजुळणी अडली तर आता माझी वाट बघायला नको.

गळ्याच्या ऑपरेशनात तुझा आवाज गेल्यापासून मी फोन करतो आणि तू नुसती रिसीव्हरवर टकटक करतेस, ते ऐकवत नाही. सौ. मयूरी म्हणते, तुम्ही सांगलीलाच या. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा अनीश

वाई, १९ जानेवारी

चिरंजीव अनीश यास अनेक आशीर्वाद.

रविवारी मी तीनपासूनच खुर्चीत होते. बाण हलला. प्रिंटरचं दुखणं तू चटकन काढलंस. मी आधीच पडद्यावर लिहून ठेवलं होतं, 'ये. चहा घेतलास का? पाठ कशी आहे?' यंत्राने विचारलं, हे जपून ठेवू का? तू 'नको' केलंस आणि गेलास.

रागावले नाही. काम चोख झालं. मयूरीला आशीर्वाद.

तुझी आई

सांगली, २१ जानेवारी

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार.

मी ते वाचलंच नाही. ऑफिसातले दोघे मागे उभे होते, त्यांना गंमत दाखवत होतो. येत्या रविवारी एकटाच बसेन. दुरुस्ती काही करणार नाही. तू लिही, मी वाचतो. मग मी लिहीन.

अनीश

वाई, २६ जानेवारी

चिरंजीव अनीश यास आशीर्वाद.

काल किती लिहिलं आपण. कीबोर्डवरच्या मराठी कळा तुला सापडत नव्हत्या. 'आई'ला तू दोनदा 'आऊ' केलंस. मी पाटीवर लिहून पुढे केलं की लोक अर्धं वाचूनच उत्तर देतात. शेजारच्या अंजनाबाई तर वाक्य स्वतःच पुरं करतात. तू थांबलास. माझं पूर्ण होईपर्यंत बाण जागचा हलला नाही.

सांगलीला ये म्हणालास, मी नाही म्हटलं. का, ते आज सांगते. तिथे तुम्ही सगळे बोलत असाल आणि मी पाटीवर लिहीपर्यंत विषय पुढे गेलेला असेल. इथे निदान गप्प राहायला कारण आहे, घरात कुणी नाही. हे तोंडाने मला कधीच सांगता आलं नसतं.

शेवटी 'येतो' म्हणालास, पण फोन बंद करायला विसरलास. बाण कोपऱ्यात तसाच उभा होता. तू उठून गेला असशील हे कळत होतं. तरी मी दिवा लावला, आवाज न करता भांडी आवरली आणि भात टाकला. लाईन तुटली, तेव्हा तो शिजत आला होता.

तांदूळ दोघांचे पडले होते.

माया असू दे.

तुझी आई