हॉर्नची तक्रार

प्रिय बाबा,

अक्षर वेडंवाकडं आलंय, कारण हसू आवरत नाहीये. आई गेल्यावर तुम्हीच म्हणालात, "तिची स्कूटर विकून टाक, उगाच जागा अडवते." मी ऑनलाइन लिलावाला लावली. तीनदा लिलाव झाला आणि तिन्ही वेळा जिंकणारा ऐनवेळी मागे फिरला. एकाची बायको नको म्हणाली, दुसऱ्याचं पार्किंग गेलं. मी दोघांना ब्लॉक केलं, साइटकडे तक्रार ठोकली, नाही नाही ते बोलले.

आज तिसऱ्याने कळवलं, "हॉर्न दोनदा दाबल्याशिवाय वाजत नाही, म्हणून नको."

बाबा, हॉर्नचं मी जाहिरातीत लिहिलंच नव्हतं. स्कूटर बघायलाही कुणी आलं नव्हतं. हॉर्नची ही खोड आपल्या घराबाहेर कुणालाच माहीत नाही. म्हणजे तिघंही तुम्हीच. या वयात तीन खोटी नावं घेण्यापेक्षा "विकू नकोस" म्हणाला असतात, तर तोंड झिजलं असतं का?

लिलाव काढून टाकलाय. हे पत्रही पोस्टात टाकत नाही, त्याच्याआधी मीच पोचेन; फोटो काढून मोबाइलवर पाठवतेय. टाकी भरलीय. खाली हॉर्न वाजला की गॅलरीत या. पहिल्यांदा वाजणार नाही, तेवढं थांबा.

तुम्हाला दोनदा ब्लॉक करणारी,
तुमची लेक