पडद्यामागून ऐकलेलं जातं

अण्णा,

म्हसाच्या जत्रेत मी पाटीवर तुम्हाला जे लिहून दाखवलं, ते चूक होतं. बोलपटातली ती मुलगी उंबऱ्याशी पाठमोरी उभी राहिली तेव्हा काहीच बोलली नव्हती. ते वाक्य माझं होतं.

भातगिरणीत वीस वर्षं काढून तुमचे कान गेले होते, म्हणून पाटी सतत माझ्या हातात असायची. त्याआधी तुम्हीच मला गिरणीतल्या तुसावर बोटानं अक्षरं काढायला शिकवलं होतं. शाळा मागाहून आली. त्या वर्षी घोंगडी घ्यायला म्हणून आपण जत्रेला गेलो. मुरबाडवरून गेलो, पण ताईच्या दारावरून नाही. तिनं आपल्या मनानं लग्न केलं होतं आणि दोन वर्षं तुम्ही तिचं नाव घेतलं नव्हतंत.

तंबूत पडदा मधोमध. पुढे पुरुष, मागे आम्ही बायका. मागूनही दिसावं म्हणून कापडावर पाणी मारतात, आणि आम्हाला सगळं उलटं दिसतं. माणसं डाव्या हातानं जेवतात. पण आवाजाचा भोंगा आमच्याच बाजूला, थेट छातीशी. घरातून घालवून दिलेली ती मुलगी परत येते. अंगण, मोठं काळं दार, ओसरीच्या कोपऱ्यात बाप. आत जात्याची घरघर चाललेली. ती पायरीवर पाऊल ठेवते आणि जातं थांबतं. एवढंच. भोंग्यातून नुसती खरखर. दाराच्या आत काही दिसत नाही, तरी जात्यावर कोण बसलंय हे तंबूतल्या प्रत्येक बाईला कळलेलं. मग त्या अंधारात बांगड्या वाजल्या. माझ्या शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, “उठली गो माय.” जी पडद्यावर नव्हतीच, तिला आम्ही उठताना पाहिलं होतं. मी मान वाकडी करून मुलीचं तोंड शोधत होते. मला वाटलं होतं, तुम्हाला पाठ दिसते म्हणजे मागून मला तोंड दिसेल. आम्हालाही पाठच.

बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, दार केवढं मोठं होतं आणि म्हातारा केवढासा. मी चकित झाले. आवाजाच्या नादात ते मला दिसलंच नव्हतं, आणि तुम्ही एक अक्षर न ऐकता त्या बापाचं सगळं ओळखून आला होतात. मग विचारलंत, “पाठमोरी होती. काय बोलली गो ती?”

जातं थांबलं हे पाटीवर कसं लिहायचं ते मला सुचेना. ‘काही नाही’ लिहिलं तर घोंगडी खांद्यावर टाकून तुम्ही ताईकडे न वळता सरळ घरची, शहापूरची वाट धराल, ही भीती. मी लिहिलं, ‘अण्णा, मी आले.’ चित्रातली मुलगी बापाला आबा म्हणत होती. ते लिहून झाल्यावर ध्यानात आलं. तुम्ही पाटी बराच वेळ धरून ठेवलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ताईच्या दारात उभे होतात.

तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. ताई अजून मुलांना सांगते, बोलपटातल्या हाकेनं आजोबा आले. आता तोच बोलपट मुरबाडला येतोय, शनिवारी खेळ आहे, आणि तिनं निरोप धाडलाय, “तू पण ये गो. ती हाक मला माझ्या कानांनी ऐकायचीय.” ती ओल्या पडद्यामागे बसेल, हाक येणार नाही, आणि पाटीवर मी काय लिहिलं ते ठाऊक नसल्यानं तिला वाटेल अण्णांनीच रचून सांगितलं. ते खोटं तुमच्या नावावर पडू द्यायचं नाही. शिवाय जातं कुठे थांबतं ते तिला आधी सांगायला हवं, नाहीतर हाकेची वाट पाहताना तेही ऐकायचं राहील.

मोटार रोज आहे. बुधवारी निघता येईल, गुरुवारीही. ते दोन दिवस मी भिण्यासाठी ठेवलेत. शुक्रवारी सकाळी जाईन.