जवसाची चटणी आणि माझा एलडीएल

५ जानेवारी
एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १९८! मले? मी तर तळलेलं खातच नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पद्मिनीजी, गोली शुरू कर दीजिए." मी म्हटलं, तीन महिने द्या, खाण्यानंच उतरवून दाखवते. त्यांना पटलं नाही. शेवटी म्हणाल्या, ठीक — पण तीनच.

६ जानेवारी
बूढापाऱ्याच्या बाजारातून जवस, तीळ, इसबगोल आणलं. मॅडमनी समजावलं होतं — इसबगोल पोटात फुगते अन् कोलेस्टेरॉल धरून बाहेर नेते. तीळ-बदामात स्टेरॉल असते, ते आतड्यात कोलेस्टेरॉलची जागा अडवून बसते. जागा अडवणारे मले बरोबर समजतात — इतकी वर्षं रेल्वेच्या ऑफिसात काढली!

१९ जानेवारी
निधी वैतागली. "मम्मी, रोज वही चटनी?" माझी पोट्टी मराठी समजते सगळं, बोलते हिंदीच. मी म्हटलं, हव, रोज तीच!

११ फेब्रुवारी
ऑफिसात डबा उघडला की दीपमाला आधी हजर. आज तर शामरावही चटणी मागून राहिले. "काहून गोळ्या खायच्या जी, हेच औषध!" मी आतून फुगली.

२ मार्च
पाय दुखून राहिले. तरी तलावाला चक्कर मारली.

७ एप्रिल
१६९! मान वर करून गेली मॅडमकडे. त्या खरंच खूश. "इतना कम लोग कर पाते हैं." मग सहज विचारलं, वडील कसे गेले? म्हटलं, हृदयाच्या झटक्यानं, एक्केचाळीसचे होते. काका? तेही तसेच. मॅडमनी पेन खाली ठेवला. म्हणाल्या, हे तुमच्या घराण्याच्या रक्तातूनच आलेलं दिसते. चटणी तिचं काम करून राहिली, चालू ठेवा. पण एकट्या तिच्यानं होणार नाही — गोळी लागेलच.
अन् उठता उठता — "बेटी की भी जाँच कराइए."
मले रागच आला. चोवीस वर्षांची पोरगी! तरी घरी येऊन तिले सांगितलं.

१० एप्रिल
निधीचा रिपोर्ट. २३१. माझ्याहून जास्त.
ती म्हणे, "मम्मी, ये आपसे आया क्या?"
हो म्हटलं. अन् तिच्यासमोरच माझी पहिली गोळी घेतली.